जनकाबाईंनी सोडलेला डाव

माझ्या थोरल्या जाऊबाई, जनकाबाई, बुद्धिबळात राज्यात पहिल्या आल्या होत्या. पुण्याहून ढाल घेऊन शिरड शहापुरात उतरल्या, तेव्हा इतके दिवस नाकं मुरडणारेच हार घेऊन पुढे! चौऱ्याहत्तर साली सरपंच नरसिंगरावांनी त्यांना ग्रामपंचायतीत घेतलं. बाईची एक जागा भरायचीच होती, आणि पेपरात फोटो आलेली बाई गावात एकच होती.

जाऊबाईंना हवी होती फक्त एक विहीर, बौद्धवस्तीत. तिथली शालूबाई त्यांच्याकडूनच खेळ शिकली होती. आमच्या ओसरीवर बसून त्यांना घाम फोडणारी ती एकटीच. पण ओढ्यातल्या झिऱ्यावर पाण्यासाठी नंबर लावायला तिला अर्ध्या डावातून उठावं लागायचं.

सभेत विहीर मंजूर झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तिथल्या रिवाजाप्रमाणे ग्रामसेवकाने कोरं पान पुढे केलं. सह्या आधी, ठराव मागाहून निवांत लिहायचा. डावातली एकेक चाल वहीत टिपून ठेवणाऱ्या माझ्या जाऊबाईंनी त्या कोऱ्या पानाखाली सही केली! मला अजून राग येतो.

महिन्याने विहीर खणायला घेतली, ती नरसिंगरावांच्या मळ्याला लागून. ठराव एकमताचा होता आणि त्यावर जाऊबाईंची सही सगळ्यात ठसठशीत.

मी परोपरीने सांगितलं, "जाऊबाई, पंचायतीतली जागा सोडू नका. तिथंच बसा अन् भांडा."

"कमल, डाव गेला हे दिसल्यावर खेळाडू उगं ताणत न्हाई," त्या म्हणाल्या. "राजा आडवा करतो अन् उठतो."

त्यांनी राजीनामा दिला. नरसिंगरावांनी चहा पाजून तो घेतला आणि त्या जागी आपल्या भावजयीला बसवलं. तिचा अंगठा घरच्या घरीच मिळायचा.

दुसऱ्या दिवशी शालूबाई घागर घेऊन दारावरून निघाली होती. जाऊबाईंनी हाक मारली, "ये गं, पट मांडलाय."

ती पायरीशी थांबली. "राजीनामा काहून दिला, बाई?"

"हरले होते गं मी."

"तुमी हरल्या अन् घरी आल्या. घरी तुमचा आड हाय." तिने घागर कडेवर घेतली. "आमी हरून कुठं जावं?"

ती झिऱ्याकडे गेली. परसातला आमचा आड पाण्याने भरलेला होता. तिला तिथं पाणी भरू द्यावं, हे आम्हा दोघींना इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी सुचलं, तरी तोंडातून निघालं नाही.