दुलारीच्या नावाची दुनळी

आमगावच्या आसपास कुणी जुना मालगुजार वारला, की तेरवीच्या आधी जीवनलाल पटले तिथं हजर. चेहऱ्यावर सुतक आणि डोळा भिंतीवरच्या बंदुकीवर. अशा सांत्वनांतूनच त्याच्या बैठकीतलं काचेचं कपाट भरलं होतं. इंग्लंडच्या दोन दुनळ्या, एक जर्मन रायफल आणि उडती बदकं कोरलेली एक बेल्जियमची दुनळी. कपाटावर वाघाचं मुंडकं. तेही नागपूरहून आणलेलं, फायबरचं.

कायद्यानं माणशी दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणून उरलेल्या दोन त्यानं बायकोच्या, दुलारीच्या नावावर केल्या होत्या. त्यात ही बेल्जियमची.

दुलारीला या शौकाचा राग यायचा नाही, किळस यायची. पाहुणे आले की नवरा काडतुसांच्या खिशांचं जाकीट चढवी, बेल्जियमच्या कारागिरांवर आणि अक्रोडाच्या दस्त्यावर तासभर बोले. परवान्याच्या चाचणीत गोळी झाडताना याच शिकाऱ्यानं डोळे गच्च मिटले होते, हे तिनं शेजारी उभं राहून पाहिलं होतं.

धान लोंबीवर आलं आणि रानडुकरांनी शेतातल्या बांध्याच्या बांध्या लोळवल्या. वनखात्यानं डुकरं मारायची परवानगी दिली, तशी शेजारचा केवलराम बंदूक मागायला नव्हे, जीवनलाललाच बोलवायला आला. जीवनलाल म्हणाला, या राजेरजवाड्यांच्या हातातल्या चिजा, डुकरांवर चालवून त्यांची इज्जत घालवायची नाही.

दुलारी चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवला.

"लायसन काऊन काढलं मंग? पीक राखासाठीच ना?"

"तुले काय समजते त्यातलं?"

"बेल्जियमची माह्या नावानं हाय. मी जाऊन राहिली. चाबी द्या."

ती जंगलाकाठच्या चिचगडची. लग्नाआधी बापासोबत शेतात राखणीला बसून तिनं त्याची जुनी बंदूक कितीदा चालवली होती. जीवनलाल हसला, पण केवलरामसमोर चाबी नाकारणं त्याला जमलं नाही.

दिवस कलताना ती शेताच्या धुऱ्यावर दबा धरून बसली. मागं केवलराम, गावातले चार लोक आणि मखमली गवसणी घेऊन जीवनलाल उभा. बंदूक खाली टेकवू नको, ओल लागू देऊ नको, हे त्याचं चालूच. नाल्याकडून कळप धानात शिरला. दुलारीनं नेम धरला आणि दोन्ही बार काढले. एक डुक्कर जागीच पडलं, बाकीची उधळली.

जीवनलाल कानांवर हात ठेवून चिखलात बसला होता. उठला तो ओरडतच.

"चिखल लागला का तिले?"

"वहिनी बऱ्या हायेत," केवलराम म्हणाला.

"वहिनी नाई बे, बंदूक!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी हसलंही नाही, इतकी त्याची कीव आली.

दस्त्यावर बारीकसा ओरखडा निघाला. जीवनलाल जेवला नाही. सकाळी त्यानं जाहीर केलं, की ही दुनळी आता भावाच्या, टिकेशच्या नावावर जाईल. दुलारी तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

"सही माही लागते. मी देत नाई."

त्याच संध्याकाळी पलीकडच्या बांधीत डुकरं दिसली. जीवनलाल जाकीट घालून बैठकीतच बसला होता. केवलरामनं त्याला दारातूनच रामराम घातला आणि वहिनी घरी आहेत का, असं विचारलं.