हात धुतलेलं पाणी

अमृतची सुट्टी तेवीस दिवसांची होती आणि त्यातले एकोणीस संपले होते. शारजात सोनं गाळायच्या दुकानात त्याला अकरा वर्षं झाली होती. गावाकडं, विट्याच्या बाजूला, सगळे त्याला दुबईचा अमृत म्हणत. त्यांची चूक सुधारायचंही त्यानं आता सोडून दिलं होतं.

आज तो सांगलीत धाकट्या भावाकडं जेवायला आला होता. दादासो इथं हळदीच्या अडतीत वजनकाट्यावर होता. उद्या नोकरी सोडून चार दिवसांनी तो अमृतबरोबर निघणार होता. मालकानंच सांगितलं होतं, घरचा भरवशाचा माणूस आण, मग तुला दरवर्षी सुट्टी. नाहीतर आहेच, अडीच वर्षांनी एकदा. अमृतची शिवांजली आठ वर्षांची. या खेपेला बापाजवळ यायला तिला दोन दिवस लागले होते. म्हणून त्यानं भावाला आणतो असं कबूल केलं होतं. तिथं कसं असतं, ते मात्र सांगायचं राहिलं होतं. राहिलं म्हणजे, त्यानं राहू दिलं होतं.

“अण्णा, त्या उंच बिल्डिंगीपशी मलाबी फोटू काढायचाय,” दादासो म्हणाला. “निळ्या शर्टातला तुझा लय भारी आलाय.”

“केस तेवढं तिकडंच ठिवून आल्यात अण्णा,” दादासोची बायको अक्षता भात वाढत म्हणाली.

जेवणं झाली. बेसिन तुंबलं होतं म्हणून अक्षतानं बादली पुढं केली. अमृतनं बादलीत हात धुतले, बोटं तीनदा झटकली, नखं एकमेकांवर घासली. अक्षता ती बादली मोरीत ओतायला निघाली, तसा तो ओरडला, “टाकू नगंस!”

ती जागीच थांबली. दादासो हसू लागला. “अण्णा, आमटीचं पाणी हाय त्ये. सोनं न्हाई त्यात.”

अमृत हसला नाही. मान खाली घालून टॉवेलला हात पुसत बसला.

“तितं पाणी टाकत न्हाईत,” तो शेवटी म्हणाला. “हाताचं न्हाई, आंघोळीचं न्हाई. सगळं पिंपात. अंगावरची धूळबी मालकाची. निजायच्या चटया वर्सातनं येकदा जाळत्यात आन राखंतनं सोनं काढत्यात.”

“आन तुमी ऱ्हाता कुठं?” अक्षतानं विचारलं.

“दुकानावरच्या खोलीत, सा जण. सकाळी सातला भट्टी, जेवान तितंच. ॲसिडच्या वाफंनं घसा कायम धरलेला. शुक्रवारी सुट्टी, तवा झोपतो.”

“मग ती बिल्डिंग?” दादासो म्हणाला.

“येकदाच बघितली. पिशवीत तीन शर्ट घिऊन गेलतो. बदलून बदलून फोटू काढलं. दोन वर्सं त्येच पाठवतोय.”

अक्षताला हसू फुटलं. तिनं पटकन तोंडाला पदर लावला.

“म्हंजे त्यो देश हाय तरी कसा?” दादासोनं विचारलं.

“मला न्हाई म्हाईत, गड्या. दुकान कसं हाय ते सांगतो.”

खाली रस्त्यावर रिक्षावाले भाड्यासाठी भांडत होते. दादासोनं उठून खिडकी लावली.

“मग तू कशाला जातूस?”

“चाळिशी उलटली. मला दुसरं काय येतंय?”

“आन मी न्हाई आलो तर तुझी सुट्टी?”

“ती तू मनात धरू नगंस.”

“अण्णा,” दादासो भावाकडं न बघता म्हणाला, “मी येत न्हाई. राग मानू नगंस.”

“राग कसला?” अमृत म्हणाला. राग नव्हताच. तो उठला आणि चपला घालून स्टँडकडं निघाला.

स्टँडवर विट्याची गाडी लागायला वेळ होता. त्यानं बायकोला, राजेश्वरीला, फोन लावला.

“दादासो येत न्हाई,” तो म्हणाला. “मीच सांगितलं समदं.”

पलीकडं कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

“बरं केलंसा,” ती म्हणाली. “पर पुढच्या वर्सी येतो म्हणून पोरीला कबूल केलंया तुमी. तिला तुमीच सांगा. मी न्हाई सांगायची.”

तिनं फोन पोरीच्या हातात दिला.

“पप्पा, कुठपर्यंत आलाय?” शिवांजलीनं विचारलं.

“अजून सांगलीतच हाय,” अमृत म्हणाला. “पुढच्या वर्सीचं येक सांगायचंय, घरी आल्यावर बसून सांगतो.”