जाळीआडचं बोलणं

शेंडा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण झाडांच्या शेंड्यांवर त्याने आयुष्याचा एवढा भाग काढला होता, की जमिनीवर उभा दिसला तर शेजारी त्याला पाहुणा समजून नमस्कार करत. त्याचं काम झाडं उतरवायचं. वाळलेली, वाकलेली, छपरांवर रेललेली, विजेच्या तारांत हात घालून बसलेली झाडं तो वरून खाली, तुकड्या-तुकड्यांनी उतरवायचा. आणि खाली उभी असायची त्याची बायको. दोर धरायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं, पडलेल्या फांद्या छोट्या चेनसॉने कापून रचायच्या आणि या सगळ्यातून सवड काढून वर हुकूम सोडायचे, हे तिच्याकडे. तिला सगळे भोंगा म्हणत. एकदा तिने खालून "थांबा!" म्हटलं, तर शेंडा थांबलाच, पण चौकातल्या दोन बसही थांबल्या. हे पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. दोन बस म्हणणारी कमी, तीन म्हणणारी जास्त.

अशा बाईचा नवरा बहिरा व्हावा, याला काय म्हणावं!

अगदी ठार बहिरा नव्हे. तीस वर्षं उघड्या कानांशेजारी चेनसॉ चालवली, तिने आपलं काम चोख केलं. आधी दारावरची घंटा गेली, मग पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी गेली. पुरुषांचे जाडेभरडे आवाज अजून बरे पोचायचे. नेमका बायकोचा उंच आवाज मात्र कानाच्या उंबऱ्यावर येऊन विरघळायचा. ती बोलतेय एवढं कळायचं, काय बोलतेय ते नाही. म्हणून गेली दोन वर्षं शेंडा तिचे ओठ वाचत होता. झाडावरून दर दोन कापांनंतर खाली बघायचं, ओठ हलतायत का ते पाहायचं, मग पुढचा काप. घरातही ती बोलायला लागली की हातातलं सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहायचं.

तिला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर त्याच दिवशी तिने त्याला खाली बसवलं असतं, घरी, खुर्चीत. आणि वर दुसरा कुणी चढला असता, आणि ती खालून त्या दुसऱ्या कुणाला "थांबा!" म्हणाली असती. हा विचार आला की शेंड्याला उंचीवर कधी नव्हे ती भोवळ यायची.

असं सगळं सुरळीत लपलेलं असताना इस्पितळाचं काम आलं. आवारातली सात जुनी झाडं. तिथल्या देखरेखीच्या बाईंनी सांगून टाकलं, "डोकं, डोळे, कान झाकल्याशिवाय फाटकातून आत यायचं नाही. दोघांनीही." तोवर शेंड्याच्या डोक्यावर तडा गेलेलं स्कूटरचं हेल्मेट असायचं आणि भोंग्याच्या डोक्यावर चार पदरी टॉवेल. तेव्हा दोघं सकाळी सकाळी दुकानात गेली.

दुकान लांबोळकं होतं. दोरांची वेटोळी, गमबूट, कप्प्या, हातमोज्यांचे घड. दुकानदार पंचाहत्तरीचा, बारीक अंगाचा, पण आवाज असा की रिकाम्या पिंपातून बोलतोय. तो शेंड्याला चांगला ऐकू यायचा. शेंड्याला तो तिथल्या तिथे आवडला.

"झाडावर कोण?" दुकानदाराने विचारलं.

"हे," भोंगा म्हणाली. "आणि खालची छोटी करवत माझी."

दुकानदाराने शेंड्यापुढे केशरी हेल्मेट ठेवलं. आत डोक्याभोवती फिरणारा पट्टा, मागे तो आवळायची कळ, पुढे खाली पडणारी काळी जाळी, दोन्ही बाजूंना कानावर बसणाऱ्या जाड वाट्या. "जाळी ढलपी अडवते, बारीक भुसा नाही अडवत. म्हणून आतून हा चष्मा घालायचा. आणि हनुवटीखालचा पट्टा बांधायचा, नाहीतर तुम्ही वर आणि हेल्मेट खाली. हे बघा, आत तारीख छापलेली असते. फार जुनं झालं की टोपी ठिसूळ होते, मग ती टाकायची."

"यांनाही तारीख छापून घ्यायला हवी होती," भोंगा म्हणाली. ओठ समोर होते, शेंड्याला पूर्ण कळलं. तो मनापासून हसला.

त्याचं दोन मिनिटांत जमलं. मग दुकानदाराने तसंच हेल्मेट भोंग्याच्या डोक्यावर बसवलं आणि जाळी खाली ओढली.

जाळी कपाळापासून थेट हनुवटीपर्यंत. मागे बायको असेल असं धरून चालायचं, एवढंच. ओठ गायब.

"नको," तो म्हणाला. "हे नको. यात तू मधमाश्या चोरायला निघाल्यासारखी दिसतेस."

तिने जाळी वर केली. "आणि तुम्ही त्यात काय नवरदेव दिसत होतात?"

"काच दाखवा," शेंडा दुकानदाराला म्हणाला. "आरपार दिसणारी."

"आहे की. पण घामाच्या कामात काचेवर वाफ धरते."

"हिला घाम येत नाही."

दुकानदाराने काचेचं लावलं. भोंगा त्या काचेमागून "मला घाम येत नाही?" एवढंच म्हणाली, तर तेवढ्या वाफेने काच दुधासारखी झाली. पुन्हा ओठ गेले. शेंड्याने तेही नाकारलं. काच हिरवट आहे, हिचा रंग उतरलेला दिसतो म्हणाला. मग त्याने स्वतःच मांडणीवरून नुसतं हेल्मेट आणि नुसता चष्मा उचलला. "हे घे. बघ कसं मोकळं मोकळं."

"अहो, त्या करवत चालवतात ना?" दुकानदार म्हणाला. "नुसत्या चष्म्याने डोळे वाचतील. गाल, तोंड?"

"ही जपून कापते."

भोंग्याने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या हनुवटीवर बोटाच्या पेराएवढा पांढरा वण होता. गेल्या वर्षी ढलपी उडून बसलेला. ती बोलली ते सावकाश बोलली, एकेक शब्द ओठांवर स्वच्छ. "तुमच्या थोबाडाला जाळी. माझं थोबाड उघडं. असं का हो?"

याचं खरं उत्तर शेंड्याला ठाऊक होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली. तो आपलं गुपित झाकायला बायकोचं तोंड उघडं ठेवत होता. तरी जीभ हट्टाला पेटलेली. "मला तू त्यात बरी दिसत नाहीस," तो म्हणाला.

तिने फटकन जाळीचं हेल्मेट पुन्हा चढवलं, जाळी पाडली, कमरेवर हात ठेवले आणि काहीतरी विचारलं. डोकं जरा वर उचललं गेलं, त्यावरून ते विचारणंच होतं. आता सुखाचं, कुठेही खपेल असं उत्तर द्यावं म्हणून शेंडा मान डोलावून म्हणाला, "हो हो, चालेल. फक्त पट्टा घट्ट बांध."

दुकानदार चपापला. वरच्या दातांची कवळी त्याने जिभेने जागच्या जागी धरली, म्हणूनच ती पडली नाही. कारण भोंग्याने विचारलं होतं, "मग मी या दुकानदारांबरोबर पळून जाऊ का?"

शेंड्याला एवढंच दिसलं की दुकानदार हसतोय. मग तोही हसला. जाळी मात्र हसली नाही. मग जाळीआडून आणखी काहीतरी आलं, अगदी हळू. "तुमच्या सदऱ्याला आग लागलीय."

"छान," शेंडा म्हणाला. "मी म्हटलंच होतं."

दुकानदाराचं हसू विरलं. तो पाठ फिरवून हातमोजे मोजायला लागला. मोजलेलेच पुन्हा मोजत राहिला.

भोंग्याने जाळी वर केली. चेहरा पांढरा पडला होता.

"किती दिवस?"

शेंडा म्हणाला, "दोन वर्षं."

"डाकबंगल्याच्या झाडावर फांदी मोडायला आली होती. मी ओरडत होते, गळा फाटेपर्यंत."

"मी पलीकडे बघत होतो."

"तुम्ही उतरून म्हणालात, मला आधीच दिसलं होतं."

"नव्हतं दिसलं. दोर तुटता तुटता राहिला."

ती दोराच्या वेटोळ्यावर मटकन बसली. आता ती आरडाओरडा करील, एवढी माणसं जमतील की रस्ता बंद होईल, असं त्याला वाटलं. ती जमिनीकडे बघत बोलायला लागली आणि त्याला काहीच कळेना. तो तिच्यापुढे उकिडवा बसला, मान वाकडी करून तिच्या चेहऱ्याखाली शिरला. "वर बघून बोल ना गं."

तिने वर पाहिलं. "म्हणजे ते बघणं यासाठी होतं?"

"कुठलं?"

"कुठलं म्हणे! झाडावरून सारखं खाली बघायचं. जेवताना बघायचं. मी केस विंचरताना बोलत असले की दारात उभं राहून बघायचं. मी बहिणीला सांगितलं हो, या वयात यांना काय झालंय, तोंडावरून नजर हटत नाही. ती जळली. मी नवीन आरसा आणला." तिचे ओठ थरथरले, त्यामुळे पुढचं वाचायला त्याला कष्ट पडले. "आणि तुम्ही नुसते शब्द वेचत होतात."

शेंड्याने आयुष्यात कापलेल्या कुठल्याही झाडावर एवढी अवघड जागा आली नव्हती. पाय कुठे ठेवावा ते कळेना. खोटं बोलायचं धाडस तर आता संपलंच होतं.

"आधी शब्दच वेचायचो," तो म्हणाला. "पण शब्द लवकर संपतात. तू 'दोर सोडा' म्हटलंस की झालं ना? मान वर करून काप सुरू करायचा. मी करत नव्हतो. तू म्हणायचीस, आता काय बघताय, पुढचं कापा. आठवतं? तेव्हा तुझं बोलणं कधीच संपलेलं असायचं. मी उगाच बघत असायचो."

तिने पदराचं टोक हातात घेतलं.

"तीस वर्षं तू मला ऐकू येत होतीस," तो म्हणाला. "त्यामुळे बघायचं राहून गेलं होतं."

भोंग्याने नाक ओढलं, पदराने हेल्मेटच पुसलं, मग लक्षात आल्यावर डोळे पुसले. आणि उठली. ती उठली म्हणजे काहीतरी ठरलेलं असतं, एवढं शेंड्याला कानांशिवायही कळायचं.

"जाळीचंच घेणार. दोघांना," ती म्हणाली. "जाळी खाली असेल तेव्हा मी करवत चालवत असेन, तुमच्याशी बोलणार नाही. बोलायचं असलं की जाळी वर. माझी जाळी वर दिसली की तुमची करवत बंद. तुमच्या कमरेला बारीक दोर बांधलेला असेल, तुम्ही पलीकडे बघत असाल तर तो ओढेन. ओढलं की थांबायचं. नाही थांबलात तर खालीच ओढेन."

"म्हणजे मी चढू?"

"आधी कानाच्या डॉक्टरकडे. तो हो म्हणाला, आणि दोराची आठ दिवस कमी उंचीवर सवय झाली, तर. इस्पितळाला मी सांगते, थांबतील. नाही थांबले तर दुसरी झाडं उगवतील."

शेंड्याने मान हलवली. हेल्मेट हातात घेतलं आणि कानांवरच्या जाड वाट्या निखळतात का ते चाचपू लागला. "या मग काढून द्या हो," तो दुकानदाराला म्हणाला. "आता यांचा काय उपयोग? राखायला उरलंय काय?"

भोंग्याने ते हेल्मेट त्याच्या हातातून हिसकावलं आणि त्याच्या डोक्यावर बसवलं. मागची कळ फिरवून पट्टा आवळला. हनुवटीखाली बंद लावला, मध्ये बोट घालून पाहिलं. वाट्या कानांवर दाबल्या. दुकानाबाहेरच्या रस्त्याची उरलीसुरली घरघरही बंद झाली, आणि त्या गडद शांततेत तिचा चेहरा हातभर अंतरावर होता.

"जेवढं उरलंय," ती म्हणाली, "तेवढं माझं आहे."

ते त्याने मनात पुन्हा एकदा वाचलं, तिला पुन्हा म्हणायला न लावता.

दुकानदाराने दोन्ही हेल्मेटं उतरवून घेऊन कागदात गुंडाळली आणि पिंपातल्या आवाजात म्हणाला, "पळून जायचं रहित झालं म्हणायचं."

"तुम्हाला झाडावर चढता येत नाही," भोंगा म्हणाली.

पायऱ्या उतरता उतरता ती थांबली. त्याच्या दंडाला धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

"त्यातल्या त्यात बरा कान कुठला?"

"डावा."

लग्न झाल्यापासून ती रस्त्याने त्याच्या उजव्या हाताला चालायची. आता ती मागून वळसा घालून डावीकडे आली, पुडकं काखेत सरकवलं आणि चालता चालता, अगदी साध्या आवाजात, डॉक्टरकडे आधी काय काय सांगायचं ते सांगायला लागली. शेंड्याला सगळं नाही, पण बरंचसं कळत होतं. जे कळलं नाही, त्यासाठी त्याने तिच्याकडे पाहिलं. आणि कळल्यावरही पाहत राहिला, म्हणून समोरच्या खांबावर आदळता आदळता वाचला.