खात्रीचं माप

"देख, आज बी कोरीच," चुनीलाल म्हणाला आणि ओली पट्टी उन्हाकडे धरून त्यानं पुन्हा एकदा बाटलीवरच्या रंगांशी लावून पाहिली.

परसातल्या न्हाणीपाशी तो धोतर सावरत उभा होता. दगडावर लघवीचा पेला होता. बाटलीच्या कागदावर रंगांचे चौकोन होते, मळकट पांढऱ्यापासून गर्द जांभळ्यापर्यंत. त्याची पट्टी बुडवण्याआधी होती तशीच मळकट राहिली होती.

"व्हई उद्या," जसोदाबाई म्हणाली. ती हात धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "देव शे."

"देवनं काय काम शे इठे? हाऊ इलायतना माल शे."

चुनीलाल शहाद्याच्या कापूस बाजारात मापाडी होता. हंगामात दिवसभर काट्यापाशी उभं राहायचं आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्याचं काम. गेल्या हंगामात पुकारता पुकारता त्याचा दम सुटला आणि तो कापसाच्या ढिगावर बसला. मग नंदुरबारहून रेल्वेनं सुरत गाठली. तिथले डॉक्टर नुकतेच विलायतेहून शिकून आले होते. त्यांनी त्याच्या छातीवर बराच वेळ नळी ठेवली आणि म्हणाले, "हृदयाभोवती चरबी चढली आहे. वजन उतरलं नाही, तर पुढचा हंगाम तुम्ही पाहाल असं मी सांगू शकत नाही."

धान्य बंद. साखर-गूळ बंद. केळं तर बघायचंही नाही. तूप, साय, फाडलेलं दूध, वांगी, मेथी एवढंच पोटात जायचं. शरीराला धान्य मिळालं नाही की ते स्वतःची चरबी जाळू लागतं, त्याची खूण लघवीत उतरते आणि पट्टी जांभळी होते, असं समजावून डॉक्टरांनी ती बाटली हातात दिली. इकडे असल्या पट्ट्या मिळत नाहीत, जपून वापरा, असंही सांगितलं.

जसोदाबाईनं त्याच्यासाठी वेगळी चूल मांडली. दुधावरची साय ती आधी त्याच्या वाटीत काढी, मग उरलेल्याचं दही लावी. संध्याकाळी चुनीलाल एकटाच जेवायला बसे. मुलगा पितांबर नवापूरला वखारीत नोकरीला होता. चुनीलालचं झालं की जसोदाबाई आणि सून सरला स्वयंपाकघराचं दार लोटून घेत आणि आत जेवत. त्यांचं जेवण त्यानं कधी पाहिलं नव्हतं. बायकांचं ताट पाहायचं असतं, हे त्याच्या घराण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरात तो पथ्य पाळी. बाजारात मात्र दुपारी चहा येई, तो गोडच असे. कुणी शेतकरी गाडीतून केळी आणी. एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात सकाळची जिलेबी निघे, तिचा वास काट्यापर्यंत पोचे. एवढंसं काय मोजायचं, असं त्याला वाटे.

"मापाडी भाऊ," रेवजी हमाल म्हणायचा, "काटावर तुम्हीच बठी जा एकदाव. देखूत तरी, कितला मण शेतस."

"मण नही रे आते, किलो. तुन्हा बापनं राज गयं."

नवी किलोची मापं बाजारात आली होती आणि शेतकऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. रोज कुणी ना कुणी काटा खोटा म्हणून भांडे. मग चुनीलाल आतून सरकारी शिक्क्याचं लोखंडी माप आणी. बाजारात त्याला खात्रीचं माप म्हणत. "याचं वजन ठाऊक शे ना? मंग ठेव काटावर," तो म्हणे. काटा बरोबर निघाला की शेतकरी गप्प होई. ज्याचं वजन ठाऊक आहे त्यानंच काटा तपासायचा, हे त्याचं आयुष्यभराचं शहाणपण होतं.

आणखी काही दिवस पट्टी कोरीच निघाली, तेव्हा त्यानं तेच शहाणपण घरी आणलं.

"हाई पट्टीच खोटी शे," तो म्हणाला. "दमट लागी गयी व्हई. आते तू जाय न्हाणीमा आन हाऊ पेला भरी आन."

जसोदाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "माय वं! काय बोली ऱ्हायनात तुम्ही? सून घरमा शे."

"सूनले काय दखाडानं शे? तू रोज दोन येळ भाकर खास. तुन्ही पट्टी कोरीच ऱ्हायाले पाह्यजे. जांभळी व्हयनी ते काटा खोटा. बरोबर ना?"

"मन्हं काय इचारतस," ती हळूच म्हणाली. "घरमा जे शिजस ते शिजस."

शेवटी ती गेली. परत आली तेव्हा पदरानं तोंड झाकून हसत होती. पेला दगडावर ठेवून ती भिंतीकडे वळली. चुनीलालनं पट्टी बुडवली, झटकली आणि वाट पाहिली.

पट्टी आधी गुलाबी झाली, मग गडद होत होत पिकल्या जांभळासारखी झाली. बाटलीवरचा शेवटचा चौकोनही तिच्यापुढे फिका दिसू लागला.

चुनीलाल मोठ्यानं हसला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. "देख वं, देख! भाकर खानारीनी पट्टी जांभळी! डॉक्टरले इलायतमा फसाडं कोनी तरी."

जसोदाबाई वळली. पट्टी हातात घेऊन तिनं बराच वेळ पाहिली. "म्हंजे हाई जांभळी व्हयनी की चरबी जळस?"

"अवं, खोटी शे ती."

"हां," ती म्हणाली. "खोटी शे." आणि तीही हसली.

त्यानं बाटली उकिरड्यावर भिरकावली. त्या संध्याकाळी ताटात भाकरी मागितली. जसोदाबाई क्षणभर थांबली, पण तिनं भाकरी वाढली. बाजारात त्यानं ही गोष्ट रंगवून सांगितली आणि पुढे बरेच दिवस रेवजी कुठलाही काटा दिसला की विचारी, "जांभळा शे का कोरा?"

थंडीत गावात तापाची साथ आली. सगळ्यांनाच ताप येऊन गेला. चुनीलाल चार दिवसांत उठून बसला. जसोदाबाई उठली नाही. शहाद्याच्या डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं आणि म्हणाले, "यांच्या अंगात तर काहीच राहिलेलं नाही. कधीपासून अशा आहेत?" गाडीतल्या कापसाचं वजन नजरेनं सांगणाऱ्या चुनीलालला ते सांगता आलं नाही. तिला उचलून बाजेवर ठेवताना मात्र त्याच्या हातांना कळलं.

दिवसकार्य संपलं त्या रात्री सरला दारापाशी येऊन उभी राहिली. सासऱ्यापुढे ती सहसा बोलत नसे.

"बाबा, एक सांगनं शे. मायनी देवले बोलेल बाधा व्हती, नवसनी. ती कोनी तरी फेडाले पाह्यजे. तशीच ऱ्हायनी ते जीव अटकस, म्हनतस."

"कसानी बाधा?"

"तुम्ही बरा व्हवापावत भाकर नही खावानी. भात नही, गूळ नही, काहीच नही. सुरतथून परत उनात तुम्ही, त्या दिवसपासून. ताक पियेत, मेथीनी भाजी खायेत."

"आन साय? तूप?"

"ती तुम्हनी दवा शे म्हनेत. हात बी नही लावेत."

चुनीलाल भिंतीला टेकला. "तू माले सांगं नही?"

"बाधा बोली दखाडी ते फळत नही. माले शपथ घालेल व्हती त्यासनी. ती पट्टी जांभळी व्हयनी ना, त्या दिवशी रांधनीघरमा ईसन माले म्हनेत, सरला, देव पावना. त्यासनी चरबी मन्हा अंगमा जळी ऱ्हायनी."

सकाळी चुनीलाल उकिरड्यापाशी गेला. तिथं नवं शेण पडलेलं होतं. जुनं खत केव्हाच गाडीत भरून शेतात गेलं होतं. तरी तो काठीनं उकरत बराच वेळ उभा राहिला. बाटली मिळाली असती, तर तिचं काय केलं असतं, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

बाधा त्यानं आपल्या अंगावर घेतली. या वेळी बाजारातला चहाही सोडला. पुढचा हंगाम आला तेव्हा त्याचा सदरा अंगावर लोंबत होता आणि पुकारताना दम लागत नव्हता. पट्टीचा रंग आता काय आला असता, ते पाहायची सोय नव्हती. रेवजी थट्टा करीनासा झाला. कुणी काटा तपासायला सांगितला, तर चुनीलाल म्हणे, "रेवजी, तूच आन ते माप," आणि दुसरीकडे बघे.

संध्याकाळी तो आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात नेऊ लागला. पहिल्या दिवशी सरला घाबरून उठली.

"बाबा, तुम्ही इठे कसाले?"

"बठ. पह्यले तू खाय."

"तुम्हना मोऱ्हे कशी खाऊ? लोके काय म्हनतीन?"

तेही त्याला पटलं. साय आणि मेथीचं ताट मांडीपाशी ठेवून त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "ले, मी देखी नही ऱ्हायनू," तो म्हणाला.

मग बांगड्या वाजल्या आणि मागून भाकरी मोडल्याचा आवाज आला. तो कान देऊन बसून राहिला. घासामागून घास, मग पाण्याचा पेला उचलल्याचा, खाली ठेवल्याचा आवाज.

"व्हयनं का?" त्यानं विचारलं.

"आखो अर्धी शे," सरला म्हणाली.

"खाय मंग," चुनीलाल म्हणाला आणि भिंतीकडे पाहत बसून राहिला.