शिडीखालचा दुसरा माणूस

मित्रांनो, भिंतीला टेकून उभं राहायचं आणि माणसाला वर पोचवायचं, एवढंच मला येतं. मी अ‍ॅल्युमिनियमची जुनी शिडी आहे, चौदा पायऱ्यांची. भिवंडीच्या एका कारखान्यात जन्मले आणि दादरला, घरोघरी इंटरनेट जोडणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात आले.

तिथे मला हितेंद्र भेटला. राहायला काळाचौकीला, कामाला कंपनीच्या कंत्राटदाराकडे. पाच वर्षं त्याने मला खांद्यावरून नेलं. माटुंग्याच्या कॉलन्या पाहिल्या, गिरगावच्या चिंचोळ्या वाड्या पाहिल्या. केबल जोडली की आतून कोणीतरी म्हणे, "आलं हो नेट!" ते ऐकून हितेंद्र हसायचा, आणि मला उगाच माझंच कौतुक झाल्यासारखं वाटायचं.

सुरुवातीला माझ्याबरोबर दोन माणसं असत. एक चढे, दुसरा मला खाली धरून ठेवी. पुढे कंपनीने दुसरा माणूस बंद केला. त्याच सुमारास माझ्या डाव्या पायाचं रबर झिजून गळून गेलं. हितेंद्रने ऑफिसला तीनदा कळवलं. रबर काही आलं नाही.

एका सकाळी खोताच्या वाडीत, गुळगुळीत फरशीवर, मी घसरले. स्वतःला सावरायचा फार प्रयत्न केला. हितेंद्र पडला, त्याच्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मी त्याच्याशेजारीच आडवी होते आणि त्याचं कण्हणं ऐकत होते.

कंपनी म्हणाली, तो आमचा माणूसच नाही, कंत्राटदाराचा आहे. कंत्राटदार म्हणाला, शिडी खराब होती तर त्याने सांगायचं होतं. मग युनियनने काम थांबवलं. सतरा दिवस गोदामातून एक शिडी हलली नाही. अठराव्या दिवशी कंपनीने बोलणी करायला बोलावलं.

कोंडीराम युनियनचे सेक्रेटरी. पूर्वीचे टेलिफोन लाइनमन. माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हिला पण घ्या."

कंपनीच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये मी मावले नाही. चौघांनी मला जिन्याने पाचव्या मजल्यावर नेलं आणि मीटिंगच्या टेबलाशेजारी उभं केलं.

कंपनीचे साहेब म्हणाले, "शिडीबद्दल आमच्याकडे एकही तक्रार नाही."

तक्रारी नोंदवून घेणारी माया त्या दिवशी बैठकीचं टिपण लिहायला बसली होती. ती कंपनीचीच नोकर. तिने पेन खाली ठेवलं.

"आहे, सर. तीन आहेत. मीच लिहून घेतल्यात. तिसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात, आहे तीच वापरू दे."

"माया, विचार करून बोल."

"सतरा दिवस तोच करतेय, सर."

मग कोंडीराम हळूच म्हणाले, "साहेब, हिला खाली धरायला एक माणूस द्या. आधी तेवढं लिहा, बाकीचं मग बोलू."

संध्याकाळपर्यंत सगळं लिहून झालं. प्रत्येक शिडीबरोबर दोन माणसं, चढणाऱ्याला बेल्ट, हितेंद्रचं औषधपाणी कंपनीकडे, आणि बरा झाल्यावर नोकरी परत. तरीही कोंडीरामांनी सही केली नाही. "मायाला कामावरून काढायचं नाही, हेही घाला," म्हणाले. ते घातलं, तेव्हाच त्यांनी पेन उचललं.

करारात आणखी एक कलम होतं: खराब शिडी वापरायची नाही. त्या कलमाने सगळ्यात आधी मलाच कामावरून काढलं! मला त्याचं वाईट वाटलं नाही. आता मी लालबागला, युनियनच्या खोलीत असते.

तीन महिन्यांनी हितेंद्र काठी टेकत आला. मला तोंड लपवावंसं वाटलं. तो माझ्या पायाशी खाली बसला, जिथे रबर नव्हतं तिथे त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "आपण दोघं सारखीच झालो गं."

मित्रांनो, तुमच्या गल्लीत कोणी एकटाच शिडीवर चढलेला दिसला, तर घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारा, शिडी धरायला सांगा. वर काम करणारा खाली बघत नसतो. पण खाली कोणी धरून उभं असलं की त्याचे पाय निवांत पडतात. मला ते प्रत्येक पायरीवर कळायचं.