सव्वापाच इंच तार

कापड कापताना कडेला माया सोडावी. कमी पडलं तर उसवून सैल करता येतं.

आमच्या मागच्या खिडकीतून टीव्हीचा टॉवर दिसतो. पाण्याच्या टाकीच्या डावीकडे, टाचणीएवढा.

तापात माझे कान गेले. तोंड शाबूत आहे.

रोज पाच वाजता, फुकटच्या चॅनलवर, बातम्यांच्या खालच्या कोपऱ्यात, खेळायच्या पत्त्याएवढा चौकोन.

आता ओळीने सांगते. त्या चौकोनात उभं राहून माझी मुलगी हातांच्या भाषेत बातम्या सांगणार होती, बहिऱ्यांसाठी. पहिला दिवस. पण हॉलमधल्या टीव्हीसमोर पाच वाजता माझे थोरले दीर कुस्ती बघत बसतात. सकाळीच विचारलं.

"पंधरा मिनिटं द्या, भाऊजी."

ते माझ्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसे ओठ फाकवून बोलतात. "तुला ऐकू येतं का? मग टीव्ही कशाला?"

"ती ऐकवणार नाहीये. दाखवणार आहे."

"बोटं नाचवणार. हॉलमध्ये नको ते. चार माणसं येतात-जातात."

"मग माझ्या खोलीत वायर ओढून घेते."

"भिंतीला भोक पाडायचं नाही. तिकडे केबलचा पॉइंट नाही. विषय संपला."

त्यांचा संपला.

माझी खोली मागची. शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, एक कॉट, एक खिडकी. भोक नाही तर नाही. खिडकी अजून कुणी बुजवली नव्हती.

समोरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या पँटी मीच कमी-जास्त करते. त्याने माळ्यावरून एक छोटा टीव्ही काढून दिला.

"मावशी, याचा आवाज गेलाय हां. म्हणून पडून आहे."

"मग माझ्याच मापाचा आहे."

त्याला हसावं की नाही कळेना. त्याने कागदावर काढून दिलं: तांब्याच्या तारेचे दोन तुकडे, प्रत्येकी सव्वापाच इंच, एका रेषेत, टोकं दोन दिशांना. मधोमध जाड वायर जोडायची, ती टीव्हीच्या मागे खोचायची. हे चॅनल हवेतून येतं, त्याला केबल लागत नाही.

"मापात चूक नको, मावशी."

"तीस वर्षं मापं घेतेय. तू मला शिकवू नकोस."

चूक केली.

तुकडे लाकडी हँगरवर बसवले, हँगर खिडकीत टांगला. पावणेपाच. पडद्यावर: सिग्नल नाही. हँगर वर. हँगर खाली. हँगर टॉवरकडे तोंड करून. एकदा कुणाची तरी अर्धी हनुवटी आली आणि चौकड्याचौकड्यांत फुटून गेली. पाचला दहा कमी. टेप लावून तारा पुन्हा मोजल्या. सव्वासात. दोन्हीकडे इंच-इंच माया सोडली होती मी, हाताने आपसूक. तारेला कोण शिवणार होतं?

पक्कड शोधायला वेळ नव्हता. कापडाची कात्री घेतली, जिला मी कागदसुद्धा लावू देत नाही. चार टोकं उडवली. धार गेली. जाऊ दे. चित्र आलं, स्वच्छ.

आणि दारात भाऊजी आले.

"खिडकीत काय लोंबतंय हे? काढ."

"नाही काढणार."

"काढ म्हणतो ना. लोक काय—"

पुढचं मला माहीत नाही. मी मान वळवली. माझ्याशी भांडायचं तर मला तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं. पाच वाजले होते.

ती आली. निळा सदरा, मीच शिवलेला, डावी बाही अर्धा इंच लांब झालेली. हात सुरुवातीला जरा आखडलेले, मग सुटले. पाणी. धरण. दरवाजे उघडले. शब्द न शब्द कळत होता.

खांद्यावर बोट टोचलं. जाऊबाई.

"आवाज मोठा कर की गं."

"आवाजच नाही त्याला."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग माझी हनुवटी धरून स्वतःकडे वळवली. "काय म्हणतेय पोरगी?"

"नदीकाठच्या शाळा उद्या बंद."

जाऊबाई कॉटवर बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा बोट. "हे विचारतायत, कुठल्या शाळा. तिसऱ्यांदा विचारतायत."

"त्यांना सांगा, बसायचं तर बसा, उभं राहायचं तर उभे राहा. ती पडद्यावरून जाईपर्यंत मी वळणार नाही. शाळांची नावं नंतर सांगेन."

स्टूल ओढल्याचा हादरा फरशीतून माझ्या तळपायाला कळला. मी वळले नाही.

हातांच्या भाषेचा वर्ग बाजाराच्या मागे दर शनिवारी भरायचा. मुलगी नऊ वर्षांची असताना मी तिथे घरातल्या पाच जणांची नावं घातली होती. आम्ही दोघीच जायचो.