थोरलीची पावलं

आधी खलबत्ता गेला. मग पत्र्याची बादली. आणि त्या रविवारी सकाळी दाराआडच्या जुन्या चपलाही जागेवर दिसल्या नाहीत, तेव्हा माईंच्या मनातली शंका घट्ट झाली.

चपला काही लाखमोलाच्या नव्हत्या. गुडघा धरल्यापासून माई उजवा पाय ओढत चालायच्या, त्यामुळे उजवी चप्पल टाचेशी पार झिजलेली आणि डावीचा अंगठा चांभाराने पुन्हा पुन्हा शिवलेला. चोरानेसुद्धा नाक मुरडून ठेवून दिल्या असत्या.

"अगं, माझ्या जुन्या चपला पाहिल्यास का?"

"असतील की तिथेच कुठेतरी, आई," सून म्हणाली. वर न बघता म्हणाली, आणि खांद्यावरच्या पिशवीची चेन सर्रकन ओढून घेतली.

माई गप्प बसल्या. गप्प बसून बघत राहायचं, हे त्यांना चांगलं जमायचं. मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरात लेक आणि सून हळू आवाजात बोलत होते, ते त्यांनी ऐकलं होतं. "आईला इतक्यात कळू देऊ नकोस," लेक म्हणाला होता, "आधी सगळं पार पडू दे." त्याआधी लेकाने कुठल्याशा नव्या इमारतीतली जागा बघून आल्याचं सांगितलं होतं. आणि त्याच्याही आधी लांब राहणाऱ्या मुलीचा फोन आला होता, "आई, आता आमच्याकडे ये, हवी तितकी राहा." एरवी दिवाणावर बसायला जागा नाही म्हणणारी मुलगी ती! माईंनी दोन आणि दोन चार केले. घर थोडंथोडं आवरलं जात होतं. म्हातारीला एकदम धक्का नको म्हणून आज खलबत्ता, उद्या बादली, आणि शेवटी खुद्द माईंची गाठोडी. चिमणीला, म्हणजे नातीला, अंगाखांद्यावर खेळवायची सवय झाली होती. ती सवय आता कुणाच्या पदरात घालायची, एवढंच माईंना समजत नव्हतं.

संध्याकाळी मंडळी जमली. कारण तसंच होतं. 'विहिरीपलीकडे' पुन्हा येणार होती. माईंच्या उमेदीत ही मालिका लागली की सगळी इमारत एका टीव्हीसमोर मांडी घालून बसायची. गावातली एक विहीर, दोन घरांमधलं वैर आणि त्या सगळ्यांना धाकात ठेवणारी म्हातारी, थोरली. आता म्हणे सगळं नव्याने केलं होतं, नवी माणसं घेऊन. जाहिरात आल्यापासून माईंनी तिला शिव्या घातल्या होत्या. "सोन्यासारखी मालिका होती, हे आता तिला पितळेचा मुलामा देणार!"

खालच्या मजल्यावरची शिंपीणकाकू गळ्यात माप घेण्याची टेप तशीच ठेवून आली. समोरचे निवृत्त मास्तर चष्मा पुसत खुर्चीत बसले. सून मात्र बसली नाही. चिमणीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. एरवी या वेळी पाळण्याशेजारी तिचा डोळा लागलेला असायचा. आणि माईंना दिसलं, की ती टीव्हीकडे बघतच नव्हती, यांच्या तोंडांकडे बघत होती.

'आज सांगणार वाटतं,' माईंच्या मनात आलं. 'चारचौघांसमोर, म्हणजे मला रडता यायचं नाही.'

मालिका सुरू झाली.

"गायी बघा," शिंपीणकाकू म्हणाली, "शाम्पू लावून आणल्यात."

"आणि हा नांगर टाकून आला म्हणे शेतातून," माई म्हणाल्या, "सदऱ्याची इस्त्री मोडली का बघा!"

"विहिरीचा दोर कोरा आहे," मास्तर म्हणाले. "काल दुकानातून आणलेला. जुन्या मालिकेत दोराला पीळ होता, हात लावला तर कुसळ टोचेल असा."

"मास्तर, तुम्हाला तेव्हा दोर दिसला का पाणी भरणारी?"

"काकू, मी शिक्षक होतो."

"म्हणूनच विचारते."

माईसुद्धा हसल्या, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून सुनेवर नजर होती. सून हसली नव्हती. चिमणीच्या झबल्याची नाडी उगाचच सोडत आणि बांधत होती.

मग थोरली आली. जुन्या मालिकेत ती नुसती अंगणातून चालत गेली तरी बघणाऱ्यांचे श्वास अडकायचे. ही नवी थोरली ताठ, सरळ, डोक्यावर घागर ठेवली तरी हलणार नाही अशी चालत आली. आणि तिच्याबरोबर पावलांचा आवाज आला. टप. मग एक लांब फरफट. टप. फरफट.

"अगं बाई!" शिंपीणकाकूने मांडीवर थाप मारली. "बाई चालतेय सरळ आणि पावलं लंगडतायत!"

"गलथानपणा," मास्तर म्हणाले. "दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज चिकटवलाय. बघत होते का झोपले होते हे लोक?"

माई हसल्या नाहीत. त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला होता. ही फरफट त्यांनी रोज ऐकली होती, रोज पहाटे, आपल्याच पायाखाली. तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी काही कुटायला घेतलं, आणि कडेचा टवका उडालेल्या माईंच्या खलबत्त्यातूनच येईल असा किणकिणाट झाला. मागे बादली टेकली. तिची कडी सैल होती. ती वाजली, आणि थोडं थांबून पुन्हा एकदा वाजली, माईंच्या बादलीची वाजायची तशी.

माईंनी दाराकडे बघितलं. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती जमिनीकडे बघत होती.

शिंपीणकाकू अजून हसत होती. "लंगडी थोरली! या आवाजवाल्याला आधी कामावरून काढा म्हणावं."

"गुडघा धरलाय तिचा," माई म्हणाल्या.

"कुणाचा?"

"थोरलीचा. दिसत नाही म्हणजे दुखत नाही, असं थोडंच आहे?"

"पण माई, मघापासून तुम्हीच तर नावं ठेवताय..." मास्तर म्हणाले.

"गायींना ठेवली. गायी आहेतच दिखाऊ. थोरलीला काही बोलायचं नाही."

मंडळी जरा चक्रावूनच घरी गेली. दार लागलं तशी सून समोर येऊन बसली, शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

"स्टुडिओत काम करते म्हणालीस," माई म्हणाल्या, "मला वाटलं मशीनसमोर बसून बटणं दाबतेस."

"चित्रीकरण आधी होतं, आई. पावलं, भांडी, दाराची कडी, असे आवाज आम्ही खोलीत बसून नंतर भरतो. ही मालिका मिळाली तेव्हा तुम्ही तिच्या नावाने बोटं मोडत होतात, मग सांगायचा धीरच झाला नाही. हेही म्हणाले, आधी सगळं पार पडू दे. चपला तर गेला महिनाभर नेत होते आणि रात्री परत ठेवत होते. काल पिशवीतच राहिल्या." तिने डोळे पुसले. "स्टुडिओतले म्हणाले, म्हातारीची पावलं दे. मी डोळे मिटले. पहाटे चिमणीला पाजत असते तेव्हा तुम्ही दूध तापवायला उठता ना, तीच ऐकू आली. पडद्यावरची बाई कशी चालतेय, ते बघायचंच राहिलं. आणि तिथे कुणालाच खटकलं नाही. आता उद्या बोलणी बसणार."

माईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं. "म्हणजे तुम्ही घर आवरत नव्हता?"

"कुठलं घर?"

"हेच. मला मुलीकडे धाडायला."

"आई! अहो, असं कसं वाटलं तुम्हाला?"

"मग ती नवी जागा?"

"ती पार चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. तुमच्या गुडघ्यामुळे मीच नको म्हटलं."

"आणि तिचा फोन?"

"ताईंचा? त्यांची कामवाली सोडून गेलीय."

माईंनी हात पुढे केला. "दे चपला."

सुनेने पिशवीतून चपला काढल्या.

"मला नको. तू घाल. बघू तरी, कशी चालतेस माझ्यासारखी."

सून लाजली, पण उठली. चिमणीला माईंच्या मांडीवर देऊन खिडकीपासून दारापर्यंत चालत गेली. टप. फरफट. टप. फरफट.

"फार ओढतेस," माई म्हणाल्या. "इतकी काही म्हातारी नाही मी. पुढच्या भागात जरा नीट कर. आणि बादली आधी परत आण."

मांडीवरच्या चिमणीने तो ओळखीचा आवाज ऐकून मान वळवली होती. तिने चपला घातलेल्या आईकडे बघितलं, मग वर मान करून आजीकडे बघितलं, पुन्हा आईकडे, आणि कपाळाला बारीकशी आठी घातली. या दोघी मिळून काहीतरी लपवतायत, असं तिला स्पष्ट वाटत होतं.